तडकलेली घंटा पुन्हा ओतताना

तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं. त्यात पाचवा हिस्सा कथील मिसळलं, की तेच मिश्रण ९०० च्या आसपास पातळ होतं. शाळेत विज्ञान शिकवताना हा आलेख मी फळ्यावर कितीदा तरी काढला आहे. त्यामुळे घरामागे भट्टी बांधून घंटा ओतायची ठरली आणि भेटेल तो विचारू लागला, "सर, एवढी उष्णता आणणार कुठनं?", तेव्हा त्याची मला काळजी नव्हती. उष्णता हा यातला सोपा भाग. सिलिंडर, ब्लोअर आणि नीट अस्तर केलेली भट्टी असली की ती तासाभरात मिळते. जपायचं असतं ते ओलीपासून. वाळूतली ओल, मुशीतली (धातू वितळवायच्या भांड्यातली) ओल, कोळशातली, हत्यारावरची, अगदी ज्योतीतली सुद्धा. हे वाचलेलं होतं. हाताला आणि डोळ्याला ते पटवून दिलं ते कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फौंड्रीत वाळूचे साचे करण्यात हयात घालवलेल्या एका मोल्डरने. निवृत्त होऊन ते आमच्या गल्लीत राहायला आलेत. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, मीही तेच म्हणतो.

वाडीवरच्या मारुतीच्या देवळातली घंटा तडकली होती. टोल दिला की नाद उमटायच्या आधीच विरायचा. बाजारात नवी घंटा मिळते, पण त्यातल्या बहुतेक पितळेच्या असतात. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. त्याचा आवाज गोड असला तरी फार वेळ रेंगाळत नाही. लांब घुमणारा नाद हवा तर कासं हवं, म्हणजे तांबं आणि कथील, आणि कथिलाचं प्रमाण २० ते २२ टक्के. शिवाय वाडीतल्या जुन्या माणसांचं म्हणणं होतं की देवाची धातू देवाकडेच राहावी. मोडून पुन्हा ओता, पण भंगारात घालू नका. मला ते मनापासून पटलं.

तड कुठून सुरू झाली हे बघायला घंटा उलटी करून उन्हात धरली. आत, माथ्याला, लोळी (टोल देणारा लोंबता दांडा) अडकवायची लोखंडी कडी होती. जुन्या घंटांमध्ये ही कडी साच्यातच बसवून ठेवायचे आणि तिच्याभोवती धातू ओतायचे. वर्षानुवर्षं पावसाची ओल आत झिरपते, लोखंड गंजतं, आणि गंज मूळच्या लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो. कासं कठीण असलं तरी ठिसूळ, ते ताणलं जात नाही. आमच्या घंटेत त्या कडीच्या मुळाशी गंजाचे पापुद्रे सुटले होते आणि तिथूनच केसाएवढी रेघ निघून खाली ओठापर्यंत, म्हणजे तोंडाच्या कडेपर्यंत गेली होती. म्हणजे घंटा मोडली तीही ओलीनेच.

कडेचा एक टवका काढून बघितला. आतून पांढुरकं राखाडी, साखरेसारखे बारीक कण चमकत होते. पितळ असतं तर पिवळं दिसलं असतं आणि टवका निघायच्या आधी वाकलं असतं. तरी खात्री हवी म्हणून तोच तुकडा एमआयडीसीतल्या प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोमीटरखाली दिला. तांबं ७८ टक्क्यांच्या वर, कथील १९ च्या आसपास, उरलेलं शिसं आणि किंचित जस्त. ज्याने कुणी ती ओतली त्याच्याकडे स्पेक्ट्रोमीटर नव्हता, पण प्रमाण जवळपास बरोबर होतं. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्यानंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा आपल्याकडच्या देवळांत आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यांतलीच मानतात. युरोपातल्या घंटा ओतणारे आणि आपले ओतारी एकमेकांना न भेटता जवळपास त्याच प्रमाणाला पोचले होते, कारण कान दोघांनाही सारखेच.

आता भट्टी. चौदा इंची लोखंडी पाइपचा दीड फुटाचा तुकडा भंगारवाल्याकडे मिळाला. त्याच्या आत सिरॅमिक वूलच्या एक इंची ब्लँकेटचे दोन थर दिले. हे ब्लँकेट कापताना हवेत बारीक तंतू उडतात आणि ते फुप्फुसाला चांगले नाहीत. तोंडाला साधा रुमाल पुरत नाही, नीट बसणारा मास्कच लागतो. थर बसल्यावर वरून रिफ्रॅक्टरी, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या मॉर्टरचा लेप दिला. त्याने तंतू जागच्या जागी बसतात आणि अस्तर झळ सोसतं. तळाला दोन इंच कास्टेबल (पाण्यात कालवून ओतायचं, उष्णता सोसणारं काँक्रीट) ओतलं आणि एका कोपऱ्यात भोक ठेवलं, मूस फुटलीच तर धातू तिथून खालच्या कोरड्या वाळूत निघून जावा म्हणून. बर्नरचा दोन इंची पाइप तळापासून थोडा वर, वर्तुळाला स्पर्शरेषेत बसवला. सरळ मध्यावर बसवला असता तर ज्योत मुशीच्या एकाच जागी आपटली असती. स्पर्शरेषेत बसवली की ती मुशीभोवती गोल फिरत वर चढते. झाकणाला मधोमध साडेतीन इंची भोक.

सिलिंडर १९ किलोचा व्यापारी घेतला. घरगुती सिलिंडर या कामाला वापरायला परवानगी नाही, आणि स्वयंपाकाचा रेग्युलेटर एवढा गॅस देऊही शकत नाही. हाय प्रेशर रेग्युलेटर, जाड होज, उलटी ज्योत रोखणारा व्हॉल्व्ह, आणि सिलिंडर भट्टीपासून चांगला लांब, भिंतीच्या आडोशाला. यात पैसे वाचवू नयेत.

भट्टी बांधून झाली की लगेच पेटवायची नसते. कास्टेबलमध्ये पाणी असतं. ते एकदम तापलं तर वाफ होऊन अस्तर उडवतं. पहिले काही दिवस मी आत नुसती लाकडाची मंद धग ठेवली, मग थोडा थोडा गॅस. झाकणाच्या आतल्या बाजूला हात न लावता आरसा धरायचा; त्यावर दमट वाफ धरायची थांबली की अस्तर सुकलं. ही युक्ती मिस्त्रींची.

मूस क्ले ग्रॅफाइटची, सहा नंबरची. मुशीचा नंबर म्हणजे ढोबळ मानाने ती किती किलो धातू घेते ते. नवी मूस वरून कोरडी दिसली तरी ती हवेतली ओल ओढून बसलेली असते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर विचारायलाच नको. तिला आधी ओव्हनमध्ये २०० अंशांपर्यंत तापवली, मग रिकामीच भट्टीत ठेवून लाल होईपर्यंत नेली आणि भट्टीतच थंड होऊ दिली. मुशीखाली विटेचा ठोकळा ठेवतात, आणि ठोकळा व मूस यांच्यामध्ये साध्या पुठ्ठ्याचा तुकडा. पुठ्ठा जळून कोळसा होतो आणि मूस ठोकळ्याला चिकटत नाही. ऐन ओतायच्या वेळी मूस ठोकळ्यासकट उचलली गेली तर काय होईल याचा विचार करा, म्हणजे त्या पुठ्ठ्याची किंमत कळेल.

घंटेला हात घालायच्या आधी भट्टीचा स्वभाव कळावा म्हणून मिस्त्रींनी पितळ वितळवायला लावलं. जुन्या नळांच्या तोट्या, मोडकी कुलुपं. पितळेत धोका वेगळा. जस्त ९०७ अंशांनाच उकळतं, आणि पितळ वितळून ओतण्याजोगं होईस्तोवर आपण त्याच्या वर गेलेलो असतो. म्हणजे मुशीतून जस्त अक्षरशः उकळून निघतं, हवेत जळतं आणि पांढऱ्या धुराचे झोत उठतात. तो धूर छातीत गेला तर काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो, अंग मोडून येतं. साधारणपणे दिवस दोन दिवसांत उतरतो, पण त्याला हलकं समजू नये. गूळ खाल्ला, दूध प्यायलं की बाधत नाही असं फौंड्रीत म्हणतात. त्यावर विसंबून राहू नये. वारा पाठीमागून घ्यावा, काम उघड्यावर करावं, मेटल फ्यूमचा मास्क लावावा, आणि गरजेपेक्षा जास्त तापवू नये. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. नळाच्या तोट्यांच्या पितळेत बहुधा शिसं असतं, लेथवर ते सोपं कापलं जावं म्हणून घातलेलं. असल्या भंगारातून वाटी, पेला, पळी असं खाण्यापिण्याचं काहीही ओतू नये.

घंटेला परत येतो. जुनी घंटा सव्वातीन किलोला थोडी कमी भरली. रनर (धातू आत नेणारी वाट) आणि रायझर (माथ्यावरचा, आकसताना धातू पुरवणारा खांब) धरून पाच किलोच्या वर धातू लागणार होता, म्हणून १ किलो ६०० ग्रॅम तांबं आणि ४५० ग्रॅम कथील नवं घेतलं. तांबं इलेक्ट्रिक पॅनेलच्या बसबारचे तुकडे. मोटर वाइंडिंगची तार स्वस्त पडते, पण तिच्यावरचं वॉर्निश जळताना विषारी धूर होतो आणि धातूही घाण होतो. कथील तांब्यापेक्षा कितीतरी महाग. वितळवताना त्यातलं थोडं जळून जातं, म्हणून ते हिशेबापेक्षा चिमूटभर जास्त घेतलं.

साच्यासाठी पॅटर्न, म्हणजे वाळूत ठसा उमटवायचा नमुना म्हणून जुनी घंटाच वापरायची, मग ती मोडायची, असं ठरलं. धातू थिजताना आणि निवताना आकसतो, कासं साधारण दीड टक्का. म्हणजे घंटेवरून घंटा ओतली तर नवी लहान होणार. म्हणून बाहेरून गाडीच्या रंगकामात वापरतात ती लांबी हलक्या थरात चढवली. तडही त्यात बुजली. बाहेरच्या दोन उठावदार रेषा वाळूत अडकल्या असत्या. त्या लांबीने भरून उतरत्या केल्या, पुढे लेथवर पुन्हा काढायच्या म्हणून. घासून, पॉलिश पेपर मारून, लॅकरचा हात दिला. माथ्यावर भरीव बोंड ठेवलं. या खेपेला आत लोखंडी कडी ओतायची नाही, ओतल्यावर भोक पाडून बोल्ट बसवायचा, हे आधीच पक्कं केलं होतं.

वाळूचं काम मी मिस्त्रींकडून शिकलो आणि त्यातच सगळ्यात जास्त वेळ गेला. बारीक सिलिका वाळू, तिच्यात साधारण आठ टक्के बेन्टोनाईट माती, आणि पाणी तीन-चार टक्के. एवढंसं पाणी सगळीकडे सारखं लागायला पाट्यावर वाटल्यासारखं मळावं लागतं, आणि मग गोणपाटाखाली रात्रभर मुरवावं लागतं.

"सर, वाळू भिजवायची न्हाई, नुसती दमट करायची," मिस्त्री म्हणाले. त्यांनी मूठभर वाळू घेऊन दाबली. मूठ उघडली तेव्हा बोटांचे ठसे स्वच्छ उमटलेले. मग तो गोळा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून मधोमध मोडला. "कड बघा. ढासळली तर पाणी कमी. हाताला चिकटली तर जास्त. अशी धारदार ऱ्हायला पायजे." मी त्याच ढिगातली मूठ दाबून मोडली, कड ढासळली. चमचाभर पाणी शिंपडून पुन्हा मळलं. त्यांचा हात जे अर्ध्या सेकंदात ओळखतो त्याला माझा हात लागेस्तोवर ढीग अनेकदा खालीवर झाला.

घंटा पाटावर तोंड खाली करून ठेवली, वाळू चिकटू नये म्हणून पार्टिंग पावडर भुरभुरली, भोवती साच्याची वरची, बिनतळाची पेटी ठेवून आधी चाळलेली वाळू आणि मग साधी वाळू ठोकत गेलो. माथ्यावर रायझरची खुंटी, बाजूला धातू ओतायच्या वाटेची खुंटी. पेटी भरल्यावर ती उलटी केली. आता घंटेचं पोट वर आलं. त्यात वाळू ठोकली की तोच आतला गाभा होतो. गाभ्यात लांब खिळे घातले, तो उचलताना मोडू नये म्हणून. वर खालची पेटी लावून भरली, दोन्ही पेट्या मिळून सुलट्या केल्या, वरची उचलली. घंटा गाभ्यावर जशीच्या तशी बसलेली. तिला हलके टिचक्या मारून सैल केली आणि दोघांनी श्वास धरून सरळ वर काढली. गाभ्याची एक कड जराशी निसटली होती. ती मिस्त्रींनी पातळ पात्याने, बोटाच्या टोकाने दाबत पूर्ववत केली.

धातू कुठून आत न्यायचा यावर आमची बरीच चर्चा झाली. माथ्यातून सरळ ओतणं ही घंटांची जुनी रीत. पण धातू वरून गाभ्यावर पडला तर उसळतो, हवा आणि जळालेली साय घेऊन जातो. शेवटी खालच्या पेटीत रनर कापून धातू ओठापाशी दोन पातळ वाटांनी आत घ्यायचा आणि तो शांतपणे वर चढत माथ्यावरच्या रायझरमध्ये यायचा, असं केलं. ओठ हा घंटेचा सर्वांत जाड भाग, टोल तिथेच बसतो, म्हणून तिथे वाट द्यायला जागा असते.

साचा तयार झाल्यावर सळईने व्हेंट (वाफ आणि वायू बाहेर जायची बारीक भोकं) मारले, आतून ग्रॅफाइटचा स्पिरिटमधला पातळ लेप दिला, तो पेटवून जाळला आणि मग लहान टॉर्चने साच्याचा आणि गाभ्याचा पृष्ठभाग सुकवला. धातू ज्या वाळूला भिडतो तेवढा थर तरी कोरडा हवा. मिस्त्री टॉर्च फिरवत असताना वाळूचा काळपट रंग कडेकडेने फिका होत जाताना स्पष्ट दिसत होता.

जुनी घंटा मग मोडली. लांबी खरवडून काढली, गंजकी कडी बाहेर काढली. घंटेला आधी टॉर्चने तापवलं, कारण गरम कासं सहज फुटतं. गुरवांनी हात जोडले आणि पहिला घाव त्यांनीच घातला.

फेब्रुवारीतला कोरडा दिवस धरला होता. फरशीवर वाळूचा जाड थर पसरला. सिमेंटवर वितळलेला धातू सांडला तर सिमेंटमधलं पाणी वाफ होऊन चिपा उडवतं. पायात चामडी बूट, वर चामड्याचा एप्रन, तोंडावर शील्ड. पाण्याची बादली सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यात.

मुशीत आधी तांबं. तांब्याला वेळ लागतो. गॅस आणि हवा यांचं प्रमाण इथे सगळ्यात महत्त्वाचं. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते. वितळलेलं तांबं त्या वाफेतला हायड्रोजन पोटात घेतं, आणि थिजताना त्याला तो सांभाळता येत नाही. तो बाहेर पडू बघतो, अडकतो आणि ओतीव वस्तू आतून सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांनी पोखरली जाते. गॅस जास्त आणि हवा कमी असली की हे फार होतं. झाकणाच्या भोकातून लांब, पिवळी, लवलवती ज्योत यायला लागली की समजायचं, हवा कमी आहे. मी हवा किंचित जास्त ठेवली. ज्योत आखूड झाली, कडेला हिरवट झाक आली. हवा जास्त म्हणजे धातूत ऑक्सिजन जातो, पण ऑक्सिजन असला की हायड्रोजन फार शिरत नाही, आणि ऑक्सिजन नंतर काढता येतो. हायड्रोजन काढणं त्या मानाने कठीण.

पुष्कळ जण धातूवर कोळशाचं पांघरूण घालतात. जुनी रीत आहे आणि जस्त असलेल्या धातूला तिचा उपयोगही होतो. पण कोळसा स्पंजासारखा ओल धरतो. घालायचाच तर लालबुंद करून घालावा. या कामात मी तो घातलाच नाही.

मध्येच ज्योतीचा आवाज बसला. बघतो तर सिलिंडरच्या खालच्या अर्ध्यावर पांढरं हिव धरलेलं. गॅस भराभर ओढला की आतला द्रव उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता सिलिंडरच्या पत्र्यातून खेचतो. पत्रा गोठतो, दाब उतरतो. पुतण्याने सिलिंडर साध्या नळाच्या पाण्याच्या टबात ठेवला. थोड्याच वेळात आवाज पुन्हा चढला. सिलिंडर गरम पाण्यात किंवा आगीजवळ नेण्याचा विचार सुद्धा कुणी करू नये.

तांबं खाली बसलं, तेव्हा घंटेचे तुकडे आधी मुशीच्या काठावर तापवून एकेक करून आत सोडले. थंड, दमट तुकडा वितळलेल्या धातूत टाकणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. तुकडे विरघळले की शेवटी कथील. २३२ अंशांना वितळणारी ती धातू आत गेली की सेकंदभरात दिसेनाशी होते आणि पृष्ठभागावर एक चकाकणारी लाट फिरते. तापवून कोरड्या केलेल्या ग्रॅफाइटच्या कांडीने तळापासून ढवळलं.

मग परीक्षा. मिस्त्रींनी कोरड्या वाळूत अंगठ्याएवढा खळगा करून ठेवला होता. पळीभर धातू त्यात ओतला आणि आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. थिजता थिजता त्याची वरची बाजू किंचित वर उचलली.

"ह्यो फुगला बघा. ग्यास हाय आत," मिस्त्री म्हणाले. "चांगला धातू खाली बसतो. आकसतो न्हवं, मग मधी खड्डा पडाय पायजे."

हवा आणखी थोडी वाढवून धातू काही मिनिटं तशीच ठेवली. मग फॉस्फर कॉपरचे दाणे, दहा ग्रॅम. यात १५ टक्के फॉस्फरस असतो. एवढ्या धातूला दीड ग्रॅम फॉस्फरस पुरेसा आहे, जास्त झाला तर तोच धातूला अपाय करतो. फॉस्फरस ऑक्सिजनला ओढून घेतो, त्याचा मळ वर येतो आणि धातू पाण्यासारखी पातळ वाहू लागते. हा फरक डोळ्याला दिसतो. आधी पृष्ठभागावर जाडसर कातडं येत होतं, आता ते मागे सरून खालचा आरशासारखा धातू उघडा पडला. दुसरा नमुना ओतला. थिजताना त्याच्या मध्यावर छोटीशी खळगी पडली. मिस्त्रींनी मान हलवली. तापमान मोजणारं थर्मोकपल ११०० च्या जरा खाली दाखवत होतं.

इथून पुढे सगळं भराभर. ब्लोअर बंद, गॅस बंद, झाकण बाजूला. चिमट्याने मुशीला कडेला न धरता पोटापाशी मिठी घालून उचललं, शँकमध्ये (दोघांनी धरायच्या लांब दांड्यांच्या कड्यात) बसवलं. मिस्त्रींनी पळीने मळ मागे धरला. पुतण्या शँकच्या दुसऱ्या टोकाला. वरच्या पेटीवर आधीच वजनं ठेवली होती, कारण चढणारा धातू वरची पेटी उचलू शकतो.

"काका, सुरू करा. मध्ये थांबू नका," पुतण्या म्हणाला.

ओतणं दहा सेकंदांचंही नव्हतं. धार एकसारखी ठेवायची, वाटेचं तोंड भरलेलंच राहिलं पाहिजे, म्हणजे हवा आत ओढली जात नाही. व्हेंटच्या भोकांतून निळसर ज्योती उठल्या. मग रायझरच्या तोंडाशी नारिंगी धातू शांतपणे वर आला. उरलेला धातू लोखंडी अँगलच्या खाचेत ओतून त्याची लगड केली. हा अँगलही आधी तापवून ठेवलेला.

एवढं झाल्यावर साचा उघडायची घाई अनावर होते. मिस्त्रींनी उघडू दिला नाही. रात्रभर तसाच ठेवायला लावला. कास्याचा एक गुण पोलादाच्या अगदी उलट आहे. लाल तापवून पाण्यात बुडवलं की पोलाद कठीण होतं, आणि एवढं कथील असलेलं कासं मात्र नरम होतं. काशाच्या थाळ्या ठोकणारे कारागीर हाच गुण वापरतात. तापवतात, ठोकतात, पाण्यात बुडवतात. सावकाश निवलेलं कासं कठीण आणि ठिसूळ राहतं, आणि घंटेला ते हवं असतं. पण सावकाश म्हणजे सगळीकडे सारखं सावकाश. अर्धवट गरम असताना बाहेर काढली तर एक बाजू आधी आकसते आणि ओढाताण होऊन तड जाऊ शकते.

आमच्या कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झालं, त्यात रोमन बनावटीची पोसायडनची छोटी कास्यमूर्ती मिळाली. ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेले धातूचे ओतीव हत्ती, गेंडा, म्हैस आणि रथ त्याहून कितीतरी जुने, आणि वजनाला सगळे मिळून ६० किलोंच्या वर. पूर्वी मी विद्यार्थ्यांना ते इतिहास म्हणून दाखवायचो. सव्वापाच किलो धातू दोघांनी शँकवर धरल्यानंतर आता माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा: त्या माणसांनी एवढ्या मुशी एका वेळी कशा सांभाळल्या असतील, आणि त्यांची माती त्यांनी कशी सुकवली असेल?

सकाळी पेट्या सोडल्या. वाळू खाली पडली आणि काळपट, खरखरीत घंटा हाती आली. रायझरच्या माथ्यावर खोल खड्डा पडला होता, म्हणजे आकसताना लागलेला धातू रायझरनेच पुरवला होता. बोंड भरीव निघालं. गाभ्याची वाळू टोकरून काढली. रनरचे दोन खुंट हातोडीने न तोडता हॅकसॉने कापले, कारण ओठाला टवका गेला तर सगळं काम वाया. मग तिला सुतळीवर टांगून लाकडी हातोडीने हलका टोल दिला. नाद उमटला आणि टिकून राहिला. मिस्त्री डोळे मिटून ऐकत होते. नाद पूर्ण विरेपर्यंत कुणीच काही बोललं नाही. मग ते म्हणाले, "आतून भरीव हाय."

उद्यमनगरात लेथवर बाहेरून हलका कट घेतला आणि त्या दोन रेषा पुन्हा काढल्या. काशाच्या चिप्स वळ्या होऊन येत नाहीत, भुगा पडतो. कट लागलेल्या भागात दोन-तीन बारीक छिद्रं दिसली, ओठावर एकही नाही. माथ्याच्या बोंडात भोक पाडताना टर्नरने ड्रिल मुद्दाम सावकाश चालवलं.

लोळीचा प्रश्न उरला. जुनी लोळी जड होती आणि ओठाच्या थोडी वर बसत होती. त्यामुळे टोलाचा आवाज कर्कश यायचा. नवी मऊ लोखंडाची, वजनाने कमी आणि नेमकी ओठाच्या जाड भागावर बसेल एवढी लांब केली. बोल्ट स्टेनलेस स्टीलचा. बोल्ट आणि घंटा यांच्यामध्ये रबराचा वॉशर, म्हणजे धातूला धातू घासत नाही आणि पाणी भोकात उतरत नाही. वॉशर उन्हापावसाने कडक होतो, म्हणून तो दर मृगाआधी बदलायचा. ते काम गुरवांच्या मुलाने अंगावर घेतलं आहे. उरलेल्या लगडीवर प्रमाण आणि वर्ष पंचाने ठोकून ती देवळाच्या ट्रंकेत ठेवली आहे.